गॅलरीवरचा काळा दगड

उज्वला अहिरेला वजन हाताला कळायचं. तिचे वडील चिमाजी नामपूरच्या कांदा बाजारात मापारी होते. शाळा सुटली की ती घरी न जाता त्यांच्या काट्याशेजारी रिकाम्या गोण्यांच्या ढिगावर जाऊन बसायची आणि गोणी काट्यावर चढायच्या आधीच आकडा सांगायची. हमाल आधी हसायचे, मग काट्याकडे बघून गप्प व्हायचे. "काटा खोटं बोलस नही, पोर," वडील म्हणायचे. "माणूस बोलस."

लग्न होऊन ती नाशिकला आली त्याला पंचवीस वर्षं झाली होती. विहितगावच्या पुढे, देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आठ रो-हाउसची एक ओळ आहे. त्यातलं चौथं घर तिचं. नवरा शेखर सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, मुलगी वेदिका पुण्याला नोकरीला. उज्वला पोर्चमध्ये मशीन मांडून ब्लाउज शिवायची. कॅम्पातल्या जवानांच्या बायका तिच्याकडे यायच्या, कुणी राजस्थानची, कुणी केरळची, आणि नवऱ्याची बदली झाली की जाताना चार-चार ब्लाउज शिवून न्यायच्या. दिवसाचे सात-आठ तास उज्वला त्या पोर्चमध्ये बसलेली असायची आणि तिच्या डोक्यावर गॅलरी असायची.

ती गॅलरी मूळची तीन फुटांची. दहा वर्षांपूर्वी शेखरनं आणि शेजारच्या पाचव्या घरातल्या गोरक्ष आव्हाडनं मिळून एकाच ठेकेदाराकडून आपापली गॅलरी चार फूट पुढे ओढून घेतली, कडेला विटांची भिंत चढवली, खिडक्या बसवल्या. दोघांच्या घरात एकेक खोली वाढली. उज्वला तेव्हा दोन महिने नामपूरला होती, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात. ती परत आली तोवर काम उरकलं होतं, रंगही झाला होता, आणि पोर्चवर आयती सावली आली होती. तिला ते आवडलंच होतं.

गेल्या दिवाळीत गोरक्षनं घराला दर्शनी बाजूनं काळा दगड लावून घेतला. द्राक्षबागायतदारांना पुठ्ठ्याची खोकी पुरवायचा त्याचा धंदा, हंगाम चांगला गेला होता. घर एकदम भारदस्त दिसायला लागलं. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्यानं जाणारे मान वळवून बघायचे. आणि मग त्याच मानेनं शेजारच्या, पोपडे आलेल्या पिवळ्या भिंतीकडेही बघायचे. एकदा कुरिअरवाल्यानं फोनवर कुणालातरी पत्ता सांगितला, "ते काळ्या दगडाचं घर आहे ना, त्याच्या बाजूचं." शेखरनं ते ऐकलं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरा विषय राहिला नाही.

मार्च उजाडता उजाडता हर्षल नावाचा एक एजंट नमुन्यांची पेटी घेऊन आला. बोलायला गोड, हुशार. त्यानं पोर्चच्या कट्ट्यावर एकेक नमुना ओळीनं मांडला. गोरक्षच्या घराला होता तसाच काळ्या दगडाचा तुकडा. लाकडासारखी दिसणारी सिमेंटची फळी. भाजलेल्या मातीची तांबडी टाइल. खरखरीत टेक्स्चरचा पुठ्ठा. आणि ॲल्युमिनियमची चकचकीत शीट, तिला तो एसीपी म्हणत होता. शेखर शीटवर आणि दगडावर अडला. हर्षलनं भिंतीकडे नजर टाकली. गॅलरीच्या कडेला, जुनी भिंत नि नवी भिंत जिथं जुळते तिथं, वरपासून खालपर्यंत एक भेग उतरली होती. तो म्हणाला, "याची काळजीच करू नका. काहीही लावा, हे सगळं झाकलं जाईल."

शेखरचा चेहरा हलका झालेला उज्वलाला दिसला. घर सुंदर दिसणार म्हणून माणूस खूश होतो, तशी ती खुशी वाटत नव्हती. डॉक्टरनं 'काही नाही' म्हटल्यावर माणूस जसा सुस्कारा सोडतो, तसं काहीतरी होतं ते. तिला ते खटकलं.

नमुने आठवडाभर कट्ट्यावर पडून होते. शिवता शिवता उज्वला ते हाताळायची. आणि त्याच आठवड्यात ती भेगेकडे नीट बघायला लागली. रोज सकाळी ती पोर्च धुवायची. दुपारपर्यंत भेगेच्या बरोबर खाली फरशीवर पांढुरक्या भुकटीची बारीक रेघ पडलेली असायची. पुसली तरी दुसऱ्या दिवशी परत तिथंच, तेवढीच. कॅम्पाच्या पलीकडे तोफांचा सराव चालायचा त्या दिवशी दूरवर दबके धक्के बसायचे, खिडकीच्या काचा गुणगुणायच्या, आणि रेघ जाड व्हायची. इतकी वर्षं ते आवाज तिच्या अंगवळणी पडले होते. आता धक्का बसला की तिचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबायचा आणि ती वर बघायची.

शीटचा तुकडा तिनं एकदा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर नेला. वरच्या पत्र्याला काही झालं नाही, पण आतला काळा थर वितळून त्याचा जळता थेंब ओट्यावर पडला आणि पडल्यावरही जळत राहिला. तिनं ओलं फडकं टाकून तो विझवला. हर्षलला फोन केला तेव्हा तो म्हणाला की आग न पकडणारी शीटही येते, ती वेगळी, साहेबांनी ही निवडली. शीटचा विषय तिथंच संपला. राहिला दगड.

फूट रुंद, दोन फूट लांब, बोटभर जाड. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि तशीच उभी राहिली. दहा किलो, वर थोडं. तिनं गॅलरीच्या भिंतीवर नजर फिरवली, खिडक्या वगळून किती तुकडे बसतील ते बोटांवर मोजलं. पासष्ट ते सत्तर, म्हणजे जवळपास सातशे किलो. रात्री शेखर जेवत असताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "आपल्या गॅलरीत चौदा गोण्या कांदा रचू द्याल का तुम्ही?"

"कशाला?"

"नाही ना रचू देणार? मग बाहेरून तेवढाच दगड टांगायचा कशाच्या जोरावर?"

शेखर ताटाकडे बघत राहिला. गोरक्षनं लावलाय की, असं काहीतरी पुटपुटला आणि हात धुवायला उठला. भाजी तशीच राहिली होती.

तिनं मग त्याला न विचारताच सहादू मिस्त्रीला बोलावलं. सहादू साठीचा, पाथर्डीकडचा. वयाच्या बाराव्या वर्षापासून गवंडीकाम केलेलं. आता परांचीवर चढणं कमी झालं होतं, पण जुनी घरं दाखवायला लोक त्यालाच नेत. तो आला एका रविवारी, शेखर घरात असताना. चहा नको म्हणाला. खिशातून लहान हातोडी काढली आणि गॅलरीची भिंत, तिच्या खालचा स्लॅब, बाजूचा जोड असं सगळं ठोकत गेला. काही ठिकाणी आवाज टणक आला. जोडापाशी आला तसा आवाज बद्द झाला, तडा गेलेल्या मडक्यासारखा. तो पुन्हा मागं आला, पुन्हा ठोकलं. मग हातोडी खिशात ठेवून त्यानं शेखरकडे पाहिलं.

"साहेब, याच्या खाली खांब होते का कधी?"

"नाही."

"मग हे उभं कशावर हाय?"

सहादू उज्वलाकडे वळून म्हणाला, "ताई, दगड लावा, टाइल लावा, फळी लावा, मला त्याचं काही नाय. पण आधी गिलावा काढून बघू द्या. आत काय हाय ते बघितल्याबिगर मी याला कायबी लावणार नाय, आणि तुम्हीबी कुणाला लावू देऊ नका."

तो गेल्यावर शेखर पोर्चच्या पायरीवर जाऊन बसला. उज्वला शेजारी जाऊन बसली. मग त्यानं सांगितलं. गॅलरी वाढवताना ठेकेदारानं खाली दोन-दोन खांब घ्यावे लागतील असं स्पष्ट सांगितलं होतं. पण खांब घेतले तर गाडी आत येत नव्हती. शेखरनं आणि गोरक्षनं अंगणात उभं राहून दहा मिनिटं विचार केला आणि ठेकेदाराला सांगितलं, खांब नकोत, काहीतरी जमवा. ठेकेदारानं जमवलं. दुसऱ्याच वर्षी भेग दिसली. तेव्हापासून तो दर दिवाळीला ती स्वतःच्या हातानं पुट्टी भरून बुजवत आला होता, उज्वला बाजारात गेलेली असताना.

"मी इथं खाली बसते रोज," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि शेखरला तेच सोसेना.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तुला सांगता येईना."

तिनं मशीन त्याच संध्याकाळी उचलून मागच्या खोलीत नेलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात सहादूनं लोखंडी टेकू लावून गॅलरी खालून पेलून धरली आणि जोडावरचा गिलावा काढला. आतल्या सळया गंजून पापुद्रे सुटले होते. जुन्या स्लॅबमध्ये त्या जेमतेम वीतभर घुसवलेल्या होत्या. सहादूनं काँक्रीटचा एक तुकडा बोटांनी ओढला तर तो हातातच आला. त्यानं तो मुठीत चुरला आणि शेखरपुढे धरला. शेखरनं दोन दिवस कामावर रजा टाकली. पुढे दोन खांब उभे राहिले, त्यांवर तुळई आली, आणि गाडी कायमची रस्त्यावर गेली.

बाहेरून काय लावायचं हा प्रश्न तेव्हा पुन्हा निघाला. आता खांब होते, सहादू म्हणाला पातळ फळ्या हव्या तर लावा, ओझं नाही त्यांचं. शेखरनं उज्वलाकडे पाहिलं. ती म्हणाली, काही नको, साधा गिलावा आणि रंग. उद्या भेग पडली तर मला ती दिसली पाहिजे. शेखर थोडा हिरमुसला, पण वाद घालण्याचा अधिकार आपल्याकडे उरला नाही हे त्याला कळत होतं.

उज्वलाची झोप मात्र त्यानंतर उडाली. कारण एकाच ठेकेदारानं, एकाच महिन्यात, तशाच सळया शेजारीही घातल्या होत्या. आणि शेजारी वरून चौदा गोण्यांचा दगड चढला होता.

गोरक्षच्या गॅलरीखाली त्याची आई साळूबाई बसायची. वय पंच्याहत्तरच्या पुढं, सिन्नरकडच्या खेड्यातून तीन वर्षांपूर्वी लेकाकडे आलेली. दगड लावल्यापासून तिथं गारवा असतो म्हणून दुपारी जेवण झालं की ती प्लास्टिकची खुर्ची टाकून तिथंच भाजी निवडत, डुलक्या घेत चारपाच वाजेपर्यंत असायची. दोन्ही घरांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत. उज्वलाला तिच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसायचा, आणि त्याच्या वर तो काळा, तुकतुकीत, कुठंही भेग न दिसणारा दगड.

शेखर आणि ती मिळून गोरक्षकडे गेले. शेखरनं काढलेल्या सळईचा एक तुकडा कागदात गुंडाळून नेला होता. गोरक्षनं तो हातात घेतला नाही. त्याची बायको लताबाई पाणी घेऊन आली तसं त्यानं विषय बदलला. ती दोघं निघाली तेव्हा दारात म्हणाला, "वहिनी, तुमचं घर तुमच्या जागी. माझ्या घराला काही झालेलं नाही. बघा ना, एक रेघ तरी दिसते का कुठं?"

"दिसणार कशी, भाऊ? झाकलीये ती."

गोरक्ष हसला. पण त्याचा हात दाराच्या कडीवर होता आणि तो कडी घट्ट धरून उभा होता. उज्वलाला वाटलं, याला सगळं माहीत आहे. शेखरसारखंच.

नंतर दोनदा ती लताबाईशी बोलली. पहिल्यांदा लताबाई घाबरली, नवऱ्याशी बोलते म्हणाली. दुसऱ्यांदा तिचा सूर बदललेला होता. घराला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून आम्ही काळा दगड लावला, तर तुम्ही रोज येऊन तेच तेच बोलता, असं ती म्हणाली. गल्लीत कुजबुज सुरू झाली की अहिऱ्यांना दगड परवडला नाही म्हणून त्यांचा जळफळाट होतोय. सहादूला घेऊन उज्वला गेली तेव्हा गोरक्षनं फाटक उघडलंच नाही. तिनं महापालिकेत अर्जही दिला. तिथल्या माणसानं शिक्का मारून पोच दिली आणि पावसाळा संपल्यावर कुणीतरी पाहणीला येईल म्हणाला.

मग तिनं तिला सुचलं ते केलं. नव्या खांबांच्या भरवशावर मशीन पुन्हा पोर्चमध्ये आणलं आणि साळूबाईला हाक मारली. आजी, जरा हुक वेगळे करून देता का. आजी, ही टाचण काढायचीये, माझ्यानं एकटीनं होत नाही. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बोटं चालायची. ती कौतुकानं यायची, गावाकडच्या गोष्टी सांगायची, आणि संध्याकाळी निघताना म्हणायची, "लय बरं वाटतं बाई तुझ्याकडं. तिकडं नुसती भिंत बघत बसायची." जून गेला, जुलै गेला. उज्वला एक दिवसही बाहेर गेली नाही. नामपूरला भाच्याच्या साखरपुड्यालाही गेली नाही. हुक संपले तर ती डब्यातले नवे-जुने मुद्दाम कालवायची, म्हणजे उद्याला काम राहील.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका दुपारी साळूबाई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उज्वलानं भिंतीवरून हाक मारली, तर म्हातारीनं ओशाळून मान हलवली. "नाय येत बाई. गोरक्ष नाय म्हणतो. लोकं म्हणत्यात, आईला शेजारी कामाला लावलीय."

"आजी, मग आत तरी बसा. घरात बसा."

"आत जीव घुसमटतो." आणि तिनं खुर्ची नेहमीच्या जागी सरकवली.

त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. जोराचा नव्हता, पण रात्रंदिवस एकसारखी झड. भिंती फुगल्या, कपडे वाळेनात, सुयांना गंज चढला. उज्वला शिवत होती, पण शिवण वाकडी जात होती. एक ब्लाउज तिला तीनदा उसवावा लागला. शेखर कारखान्यातून फोन करून विचारायचा, सगळं ठीक आहे ना, आणि दोघांनाही माहीत असायचं तो कशाबद्दल विचारतोय.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास पाऊस अर्धा तास उघडला. साळूबाई लगेच खुर्ची घेऊन बाहेर आली, मांडीवर मेथीची जुडी. उज्वला मशीनवरून तिला बघत होती. तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि गोरक्षच्या गॅलरीच्या टोकाचा एक दगड सुटून फरशीवर पडून फुटला. म्हातारीपासून पाच-सहा हातांवर. साळूबाईनं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, मांजर वगैरे असेल असं तिला वाटलं असावं, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

दगड पडला होता तिथं मागची भिंत उघडी पडली होती. तिच्यातून राखाडी पाणी गळत होतं. उज्वलाच्या नजरेसमोर त्या गळणाऱ्या पाण्याच्या वर एक काळी फट उघडली आणि पुढचा दगड किंचित पुढे झुकला.

कंबरेएवढी भिंत ओलांडलेली तिला आठवत नाही. साडी फाटली, गुडघा सोलला, तेही नंतर कळलं. तिनं म्हातारीच्या दोन्ही काखांत हात घालून तिला खुर्चीतून उचललं. पंचेचाळीस किलो, हाताला कळलं, आणि ती तिला फरफटत फाटकाकडे ओढायला लागली. साळूबाई ओरडली. मेथी विखुरली. म्हातारीला काही समजेना, तिनं उज्वलाच्या दंडाला नखं रुतवली.

आवाज ऐकून गोरक्ष आतून धावत आला. तो त्या दिवशी ताप असल्यानं घरी होता. दारातून त्याला दिसलं ते एवढंच, की शेजारीण त्याच्या आईला जमिनीवरून ओढतेय. "सोडा तिला!" असं ओरडून तो पायऱ्या उतरून गॅलरीखाली आला.

"मागं व्हा, भाऊ!" उज्वला किंचाळली.

तो थांबला. नेमका थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग वर पाहिलं. उज्वला म्हणते की त्याच्या डोळ्यांत तेव्हा आश्चर्य नव्हतं. त्यानं मागं उडी घेतली. उडी पुरली नाही. गॅलरी मधून मोडून एका बाजूनं खाली आली आणि तिच्या मागोमाग भिंत आली, दगड आला, खिडक्या आल्या. आवाज गल्लीभर गेला. पण धूळ बसेपर्यंत काहीच दिसत नव्हतं, आणि त्या धुळीत लताबाईचा आवाज नवऱ्याचं नाव घेत होता.

गल्लीतल्या माणसांनी पंधरा-वीस मिनिटांत गोरक्षला बाहेर काढलं. जीव वाचला. डावा पाय मात्र गुडघ्याखाली राहिला नाही. साळूबाईच्या अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं.

उज्वला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. लताबाई बाकावर बसली होती. तिनं उज्वलाला शेजारी बसू दिलं आणि मग सावकाश म्हणाली, "तुम्ही आला नसता, तर ते बाहेर आलेच नसते. तापानं झोपले होते."

तुमच्या सासूबाई तिथं बसल्या होत्या, असं उज्वला म्हणू शकली असती. लताबाईलाही ते माहीत होतं. पण ज्याचा पाय गेला त्याच्या बायकोशी हिशेब करायचा नसतो, एवढं तिला कळत होतं. आणि खोटं तर लताबाई बोलत नव्हती. उज्वला घरी आली आणि आठ दिवस मशीनवर बसली नाही. शेखरनं समजावलं, वेदिका पुण्याहून येऊन राहिली. रात्री डोळे मिटले की तिला गोरक्ष थांबलेला दिसायचा, मान वर करून बघणारा.

साळूबाई गावी निघून गेली. जाताना भिंतीपाशी आली, उज्वलाच्या दंडावरच्या नखांच्या खुणांवर हात फिरवला आणि गेली. परत आली नाही. फोनवर लेकाशी बोलते, पण नाशिक म्हटलं की नको म्हणते.

गोरक्ष दीड महिन्यानं घरी आला. कुबड्या घेऊन पोर्चमध्ये उभं राहायला शिकला. एका सकाळी त्यानं स्वतःच उज्वलाला हाक मारली. ती भिंतीपाशी गेली. तो तिच्याकडे न बघता, पडक्या गॅलरीकडे बघत बोलला.

"वहिनी, दगड लावताना त्या माणसानं मला विचारलं होतं. म्हणाला, भेग मोठी आहे, आधी दाखवून घ्या कुणाला. मी म्हटलं, तू झाक." मग म्हणाला, "लताला सांगितलं मी कालच. तुम्हाला काही बोलली असेल तर मनावर घेऊ नका."

त्यानं सहादूचा नंबर मागून घेतला. उरलेला दगड उतरवायला सहादूला बारा दिवस लागले.

ओळीतल्या आठ घरांपैकी आणखी तिघांनी त्याच ठेकेदाराकडून गॅलरी वाढवून घेतलेली होती. ठेकेदार कधीच शहर सोडून गेला होता. सहादूनं एकाची गॅलरी पाहिली, तिथं लगेच टेकू लागले. दुसऱ्यानं बघू-बघू म्हणत नवरात्र काढलं, मग बोलावलं. तिसरं घर शेवटचं, आठ नंबर, उन्हाळ्यात विकलं गेलं होतं. नवीन कुटुंब दसऱ्याला राहायला आलं. भिंतीला ताजा रंग होता, विकणाऱ्यानं लावलेला.

दिवाळीला आठ दिवस असताना उज्वला पोर्चमध्ये काज करत बसली होती. एक टेम्पो गल्लीत शिरला, तिच्या दारावरून पुढे गेला आणि आठ नंबरपाशी थांबला. दोन माणसं उतरली. त्यांनी मागची फळी पाडली आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत बांधलेले तांबूस दगडी तुकडे उतरवून फाटकाशी रचायला सुरुवात केली. घरातून एक तरुण बाई बाहेर आली, कडेवर मूल. ती वाढीव गॅलरीखाली उभी राहून दगड मोजून घेत होती.

उज्वलानं काज अर्धवट ठेवलं. आत शेखर सुट्टीमुळे पेपर वाचत होता. त्यानं खिडकीतून पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "परत तेच बोलतील लोक."

"बोलू देत," ती म्हणाली. "तुम्ही सहादूभाऊंना फोन लावा."

तिनं चपला घातल्या आणि आठ नंबरकडे चालायला लागली.